आमची वाटचाल: गादी, काउंटर आणि मधलं अवघडलेपण

बार्शीच्या पेठेतलं आमचं साड्यांचं दुकान मूळचं गादीचं. पांढरी चादर, मागे कपाटं, पुढे मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक. आता निम्मी गादी राहिली आहे आणि निम्म्या जागेत काउंटर आलं आहे. येवल्याची पैठणी, इलकलची इरकल, नारायणपेठ, सुरतेचा सिंथेटिक माल आणि एका बाजूला मॅचिंग सेंटर असा पसारा आहे. मालाची यादी कोणत्याही दुकानाच्या पाटीवर वाचायला मिळते. आम्हाला इथे लिहायचं आहे ते गिऱ्हाईक आणि सेल्समन यांच्यात रोज उडणाऱ्या गमतीच्या गोंधळांबद्दल, कारण आमच्या दुकानातले बहुतेक बदल त्यातूनच झाले. ओशाळलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. आणि आमचा अनुभव असा, की अशा प्रसंगाचं मूळ माणसात कमी आणि दुकानाच्या मांडणीत जास्त असतं.

सगळ्यात नेहमीचा गोंधळ म्हणजे गिऱ्हाइकालाच सेल्समन समजणं. बायकोची खरेदी होईपर्यंत पाठीमागे हात बांधून उभा राहिलेला माणूस हुबेहूब दुकानातला वाटतो. “दादा, ह्यात मोरपंखी आहे का?” असं कुणीतरी त्याला विचारतं, आणि तो बिचारा कपाटाकडे बघायला लागतो. उपाय गणवेशाचा, पण पांढरा शर्ट कधीही ठेवू नये. बाजाराच्या दिवशी निम्मं गिऱ्हाईक पांढऱ्या शर्टात असतं. आमच्याकडे गडद निळा शर्ट आणि गळ्यात टेप असते. लोक शर्टापेक्षा टेपच आधी ओळखतात. सोबत आलेल्यांसाठी दाराजवळ बाकडं आणि पंखा ठेवावा. बसलेल्या माणसाला कुणी भाव विचारत नाही.

पुतळ्याचंही तसंच. वाटेच्या कोपऱ्यावर जमिनीलगत उभा केला, की गर्दीत “ताई, जरा सरका” हे ऐकू येणारच, आणि म्हणणारी बाई नंतर लाजून बाहेर पडणार. पुतळा वीतभर उंच चौथऱ्यावर ठेवला की डोकं माणसाच्या उंचीच्या वर जातं आणि चूक होत नाही.

हाक मारण्याचा नियम आमच्याकडे कडक आहे. सरसकट “ताई”. “काकू” हा शब्द तिशीतल्या बाईला एकदा लागला, की पुढे कितीही चांगला माल काढा, हात आखडलेलाच राहतो. नऊवारी नेसलेल्या वयस्कर बाईंना “मावशी” चालतं. आणि सोबतच्या माणसाशी नातं जोडायचं नाही. “वडिलांना दाखवा” म्हणावं आणि ते यजमान निघावेत, यापेक्षा वाईट प्रसंग नाही. “सोबतच्यांना दाखवा” एवढं पुरतं.

पुरुष सेल्समन स्वतःच्या अंगावर साडी लावून दाखवतो, हा आमच्या धंद्यातला जुना आणि उपयोगी प्रकार. पॅंटवरून कमरेला नाडी बांधायची. साडीचं आतलं टोक उजवीकडे खोचून एक वेढा घ्यायचा, चार-पाच निऱ्या पाडायच्या आणि पदर डाव्या खांद्यावरून पुढे हातावर पसरायचा, म्हणजे पदराची नक्षी पूर्ण दिसते. सराव झालेल्या माणसाला मिनिटभर पुरतं. यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे, “तुम्हाला छान दिसते हो, पण मला दिसेल का?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, तो खरा आहे. सेल्समनची उंची आणि वर्ण वेगळा, कमरेला पोट नाही किंवा जास्त आहे. मोठ्या काठाची साडी उंच माणसावर भारी दिसते; ठेंगण्या बाईच्या निऱ्यांत तोच काठ पायापासून गुडघ्याकडे चढतो. म्हणून लगेच आरसा पुढे करायचा आणि पदर बाईंच्या खांद्यावर टाकायला दुकानातल्या मुलीनेच पुढे व्हायचं. कुणी फोन काढून साडीतल्या सेल्समनचा फोटो घेत असेल तर पोराला आधी विचारायला सांगतो. त्याचाही मान आहे.

मॅचिंगच्या काउंटरवर भांडणं जास्त होतात, आणि दोष बिचाऱ्या ट्यूबचा असतो. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतील तर एका उजेडात एकजीव दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. जांभळा, वाइन, मोरपंखी आणि राखाडी हे सगळ्यात फसवे. बाई घरी जातात, अंगणात साडी आणि ब्लाउजपीस शेजारी धरतात आणि तणतणत परत येतात. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर असलेले एलईडी बसवल्यापासून हे बरंच कमी झालं. तरीसुद्धा कापड कापण्याआधी तागा दारापर्यंत नेऊन उन्हात दाखवायचा, आणि गिऱ्हाइकाने “काप” म्हटल्याशिवाय कात्री लावायची नाही. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. तिथे साडीच्या अंगाच्या रंगाच्या मागे न लागता काठाला मॅचिंग घ्यावं. ब्लाउजचं मापही आधीच बोलून घ्यावं: ३६ इंची पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर साधारण मीटरभर, ४४ इंची असेल तर ८० सेंटिमीटर. लांब बाहीला आणखी लागतं. सुती अस्तर आणि सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय लावू नये. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा खालचा काठ चुण्या पडून वर उचलला जातो.

आता सगळ्यात नाजूक विषय: देण्याघेण्याच्या साड्या. बाई हळूच वाकून म्हणतात, “मानपानातल्या दाखवा,” आणि जिला ती साडी जायची आहे ती नणंद शेजारीच बसलेली असते. अशा वेळी आत ओरडून “देण्यातला गठ्ठा काढ रे” म्हणणारा सेल्समन कामाचा नाही. आमच्याकडे फक्त एकच प्रश्न विचारला जातो: “किती नग लागतील?” डझनाच्या घरात आकडा आला की काय काढायचं ते समजतं. भाव मोठ्याने बोलायचा नाही, चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचा. जुन्या दुकानदारांची अक्षरांची सांकेतिक किंमत असायची, दहा अक्षरांचा एक शब्द आणि प्रत्येक अक्षराला एक अंक. ती खरेदीच्या भावासाठी आम्ही अजून वापरतो.

लग्नाच्या बस्त्याला दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात. पहिल्या साडीला हळदीकुंकू लागतं, चहा होतो, आणि मग आत्या, मावश्या, करवल्या सगळ्या बोलतात. नवरी मात्र गप्प. इथे सेल्समनने तोंडांकडे नाही, नवरीच्या हाताकडे बघायचं. आवडलेल्या साडीचा काठ ती पुन्हा पुन्हा अंगठ्याने चाचपते, आणि ती घडी बाजूला गेली की नजर तिच्या मागे जाते. ती साडी गठ्ठ्यात जाऊ द्यायची नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत “ही राहिलीच बघायची” म्हणत पुन्हा मध्ये आणायची. कुणाचा शब्द खाली पडत नाही आणि मुलीला हवी ती साडी मिळते. आमच्या धंद्यातलं हे आम्हाला सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, साडीवर ५ टक्के. बिलात कर वेगळा दिसला की “हे वरचे कशाचे?” हा वाद गल्ल्यावर सुरू व्हायचा. लेबलवर करासकट किंमत छापल्यावर तो मिटला. खरी पंचाईत केली ती पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याने. सुनेने सासूबाईंना साडी आठशेची सांगितलेली असते, आणि गल्ल्यावरून खणखणीत आवाज येतो, “दोन हजार चारशे रुपये प्राप्त झाले!” पुढचं कुणी बोलत नाही. डबा बंद ठेवता येत नाही, कारण गर्दीत पैसे खरंच जमा झाले का हे कळायला तोच आधार. म्हणून तो गल्ल्याच्या खणात, आवाज सगळ्यात कमी करून ठेवला आहे. कॅशियरला ऐकू येतो, बाकड्यावर येत नाही. बिल पिशवीत न टाकता हातात द्यायचं, आणि भेटीची साडी असो वा नसो, “लेबल काढू का?” हे प्रत्येकाला विचारायचं.

बदलून द्यायच्या साड्यांत नेसलेली साडी येतेच. खांद्याच्या जागी सेफ्टीपिनची दोन भोकं, निऱ्यांच्या उभ्या घड्या, खालच्या काठाला धुळीची रेघ, क्वचित हळदीचा वास. हे तोंडाने म्हणायचं नाही. साडी उजेडाखाली गिऱ्हाइकासमोरच पूर्ण उलगडायची, पदरापासून सुरुवात करून. भोकं दिसली की बहुतेक जण आपणच “बघते घरी” म्हणून घडी घालतात. लेबल असलेली, फॉल-पिको न केलेली साडी ७ दिवसांत बदलून मिळेल, ही पाटी गल्ल्यामागे नाही तर समोर, वाचता येईल अशी लावली आहे.

परकर आणि आतल्या कपड्यांचा काउंटर वेगळा, आत, आणि तिथे फक्त बायका. माप मोठ्याने विचारायचं नाही. टेप हातात द्यायची, आकडा चिठ्ठीवर घ्यायचा. “तुम्हाला मोठा लागेल” म्हणण्यापेक्षा “ह्यात घेर मोकळा येतो” म्हणावं. परकराची उंची ३६, ३८, ४० इंच अशी येते. साडी ज्या चपलेवर नेसणार तीच घालून माप घेतलं तर परकर खाली डोकावत नाही.

सध्या मागणी शिवलेल्या नऊवारीची आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यातला काष्टा शिवून तयार. इथे कंबर, सीट आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची अशी तीन मापं लागतात. घाईत नुसती कंबर घेतली, की खाली बसताना काष्टा ओढतो. म्हणून पडद्यामागे एक पाट ठेवला आहे. नऊवारी चढवून बाईंनी त्या पाटावर मांडी घालून बसून बघायचं, मगच बिल करायचं.