तुम्ही विचारलंत म्हणून: लोकशाहीला मार्क कशावरनं देतात?

मी कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकवतो. दर मार्चमध्ये व्ही-डेम या देशोदेशीची लोकशाही मोजणाऱ्या स्वीडनमधल्या संस्थेचा अहवाल आला की कुणीतरी हटकून विचारतं, "सर, हे स्वीडनवाले आपल्याला मार्क कशावरनं देतात? आणि ते मानायचे काय?"

मानायचे, पण बेरीज बघून नव्हे.

२०२१ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठातल्या या व्ही-डेमने भारताला 'निवडणुका घेणारी एकाधिकारशाही' ठरवलं आणि अमेरिकेच्या फ्रीडम हाउस या तशाच संस्थेने 'मुक्त'वरून 'अंशतः मुक्त'वर आणलं. सरकार चिडलं. पण मतदान मोजता येतं तसा न्यायाधीशावरचा दबाव कसा मोजणार? म्हणून त्या त्या देशाच्या जाणकारांना विचारतात, एका प्रश्नाला साधारण पाच जणांना. आता कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. मग सगळ्यांपुढे एकाच काल्पनिक देशाचं वर्णन ठेवतात आणि कोण किती कडक आहे ते ओळखून हिशेब जुळवतात. पेपर तपासणीला बसलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

यावरही वाद आहेच. अँड्र्यू लिटल आणि ॲन मेंग या अभ्यासकांचं म्हणणं असं की सत्ताधारी हरतात किती यासारखे ठोस आकडे घेतले तर जगभर लोकशाहीची फारशी घसरण दिसत नाही. कदाचित जाणकारच निराश झाले असतील. मला हे अर्धंच पटतं. हल्ली लोकशाही आवळणारे निवडणुका रद्द करतच नाहीत. हंगेरीत २०१० नंतर मतदान वेळच्या वेळी झालं. बदलले ते मतदारसंघ आणि वर्तमानपत्रांचे मालक.

आपल्याच गावाचं बघा. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या. मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक, आणि चौकातल्या फ्लेक्सवर सगळेच 'माजी नगरसेवक'. त्याच काळात, २०२४च्या विधानसभेला, जिल्ह्यात ७५ टक्क्यांच्या वर मतदान झालं! स्थानिक संस्था निवडून येतात का, हा प्रश्न व्ही-डेमच्या यादीत आहे. पण उत्तर अख्ख्या देशाचं एकच.

लोकशाहीचा टिकाऊपणा मोजणं तर आणखी अवघड, कारण घाव बसेपर्यंत तो दिसत नाही. २०२४च्या मार्चमधल्या अहवालात दक्षिण कोरिया घसरणाऱ्या देशांत होता. त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या रात्री तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले. ३०० पैकी १९० पोचले आणि १९० मतांनी तो मोडीत काढला. घसरण खोटी नव्हती, दमही खोटा नव्हता.

म्हणून क्रमांकावरून भांडू नका. व्ही-डेमची प्रश्नावली आणि १७८९ पासूनचे आकडे फुकट उतरवून घेता येतात. न्यायालयं, माध्यमं, स्थानिक संस्था, एकेक ओळ वेगळी काढा आणि कुठली ओळ कुठल्या वर्षी वाकली ते बघा. एक रविवार पुरतो.