पुढच्या इयत्तेचं पुस्तक ठेवून द्या

विज्ञानात हुशार मूल दिसलं की पालकांना आणि आम्हा शिक्षकांना एकच सुचतं: पुढच्या इयत्तेचं पुस्तक हातात द्या. मी विज्ञान शिकवते आणि हा उपाय मला अजिबात पटत नाही.

सहावीतल्या एका मुलीला प्रश्न पडला होता, दोलकाचा दोरा दुप्पट केला तरी वेळ दुप्पट का लागत नाही? सूत्र सांगून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी तिला दोरा, स्टॉपवॉच आणि मोकळा तास दिला. एकच हेलकावा मोजला की बटण दाबण्यातली चूक फार मोठी ठरते, म्हणून दहा मोजून दहाने भागायचं, हे तिचं तिनंच शोधलं. वजन बदलून काही फरक पडेना. दोरा चौपट केला तेव्हा कुठे वेळ दुप्पट झाला! वर्गमूळ त्यानंतर शिकवलं, आणि ते तिला हवंच होतं.

अशी मुलं ओळखायची कशी? वर्गातल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारे दोघं सारखेच दिसतात. कोण कुठवर जाईल ते कळत नाही. म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रकल्प सुरू केला, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना थेट कॉलेजप्रवेशाची एसएटी द्यायला लावली. कल्पना उत्तम. पण एकाच चाचणीवर भिस्त ठेवली की काय होतं, तेही पाहा. लुईस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1921 पासून बुद्ध्यंकावर सुमारे दीड हजार मुलं निवडली. चाळणीत गळालेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

मला जास्त भावतो तो कोल्मोगोरोव यांचा प्रयोग. 1963 मध्ये मॉस्कोत निवासी गणित-भौतिकी शाळा निघाली, तेव्हा हा जगद्विख्यात गणितज्ञ स्वतः तिथे शिकवायचा. मुलांशी संगीतावर बोलायचा, त्यांना घेऊन भटकायलाही जायचा. आपल्यासारखंच डोकं चालणारी चार मुलं एकत्र भेटणं, हे मला अभ्यासक्रमापेक्षा मोलाचं वाटतं. वर्गात एकट्या पडलेल्या हुशार मुलाला विचारून बघा.

"मग सुरुवात कोणत्या वयात करायची?" हा पालकांचा ठरलेला प्रश्न. मूल 'का' विचारू लागलं की साहित्य द्या. निवड मात्र दरवर्षी नव्यानं करा, आणि मागे राहिलेल्यांना पुन्हा बोलवा. स्पर्धा परीक्षांच्या क्लासबद्दल विचाराल, तर त्यावर स्वतंत्र लिहीन; आज लिहिलं तर फार चिडून लिहिलं जाईल.