क्रूझला जाताय? मोठी बॅग विसरा, हातातली पिशवी नीट भरा

एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीत ब्लेझर होता, गॉगल होता, 'कॅप्टनच्या पार्टीसाठी चमकदार कपडे' होते आणि सेल्फी स्टिकही होती. कुलूप नव्हतं. मळमळीची ॲव्होमिन गोळी नव्हती. ज्याच्यावाचून आमचे हाल झाले ते एकही नव्हतं. ती यादी क्रूझवर जाणाऱ्याची नाही, क्रूझवर फोटो काढणाऱ्याची आहे. मुंबई–गोवा–लक्षद्वीप करून परवाच सोलापुरात उतरलोय, पाय अजून जमिनीवर असूनही हलतायत, तेवढ्यात हे लिहून टाकतो.

सोलापुरातून जाणाऱ्यांची परीक्षा जहाजाच्या आधीच सुरू होते. सिद्धेश्वर एक्सप्रेस तुम्हाला भल्या सकाळी सीएसएमटीला सोडते आणि बंदराचं दार दुपारशिवाय उघडत नाही. मधले तास सामान घेऊन बसायचं कुठे? क्लोक रूममध्ये. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. आमच्या वहिनींच्या बॅगेची चेन तुटकी होती, तिला सुतळी बांधलेली. खिडकीतल्या माणसाने सुतळीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि बॅग परत सरकवली. पाच-पन्नास रुपयांची साधी कुलपं घरूनच घेऊन निघा. सकाळच्या वंदे भारतने गेलात तर हा सगळा व्याप वाचतो. दुपारी पोचता आणि थेट बंदरावर. गाडी लेट झाली तर काय, हा विचार मात्र ज्याचा त्याने करावा. जहाज थांबत नाही.

आता टॅक्सी. स्टेशनपासून बॅलार्ड पियर, म्हणजे आपलं जहाज जिथून सुटतं ते बंदर, दोनेक किलोमीटर असेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं दीड किलोमीटरला ३१ रुपये. आम्हाला मागितले चारशे! मोठ्या बॅगा आणि गळ्यातले एजंटचे पट्टे बघूनच आकडा ठरतो. तो पट्टा खिशात घाला. तोंडातून 'क्रूझ' हा शब्द काढू नका, 'बॅलार्ड इस्टेट' म्हणा आणि मीटर पडल्याशिवाय बसू नका. स्टेशनच्या आवारातून बाहेर रस्त्यावर आलात की निम्मे लुटारू तिथेच मागे राहतात. सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, ते ठीक आहे. चारशे ठीक नाही.

पण खरा घोळ पुढे आहे. बंदरावर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात, तिला खोली नंबरची चिठ्ठी लावतात आणि ती जाते. परत कधी भेटते? आमची रात्री जेवणं उरकल्यावर भेटली. दुपारपासून तोवर अंगावरच्या, रेल्वेत चुरगळलेल्या कपड्यांत फिरलो. पोरं स्विमिंग पूलच्या काठावर बसून दुसऱ्यांच्या पोरांकडे बघत होती, कारण त्यांचे पोहण्याचे कपडे जहाजाच्या पोटात कुठेतरी होते. दादांची बीपीची गोळी त्याच बॅगेत. काउंटरवरची मुलगी गोड हसून 'लवकरच येईल सर' म्हणत होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हाही तितकंच गोड.

म्हणून पाठीवरची पिशवी हीच तुमची खरी बॅग समजा. तिच्यात सगळ्या गोळ्या, चष्मा, आधार कार्डाचं मूळ (झेरॉक्स चालत नाही), फोनचा चार्जर, एक जोडी कपडे, पोहायचे नायलॉनचे कपडे आणि पातळ शाल ठेवा. सुती बनियन-बर्म्युडावर पूलमध्ये उतरू देत नाहीत. शाल अशासाठी, की थिएटरमधला एसी हाडं गोठवतो. सोलापुरी चादर नेऊ का, असं मला चार जणांनी विचारलं. नका नेऊ. आपल्या चादरीचा अभिमान आहे, पण ती निम्मी बॅग खाते आणि खोलीत पांघरूण असतंच. टॉवेलही तसाच घरी राहू द्या. पूलवरचे टॉवेल कार्डावर मिळतात, फक्त परत करताना नोंद झाली की नाही ते समोर उभं राहून बघा, हरवला तर पैसे लावतात.

सामानाच्या तपासणीत इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, केटल आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात. आगीची भीती, दुसरं काही नाही, आणि भर समुद्रात ती भीती रास्तच आहे. वस्तू परत मिळतात, पण उतरायच्या दिवशी, वेगळ्या रांगेत. बाहेरचं खाणंही चालत नाही असं लिहिलेलं असतं. मित्राच्या बॅगेत शेंगा चटणीचं पाकीट निघालं. तपासणीवाल्याने वास घेतला, विचारात पडला आणि ठेवून घेतलं. 'काय बे, जहाज चटणीने बुडतं होय?' असं मित्र मराठीत पुटपुटला. जेवणाची खरं तर ददात नाही. जैनांपासून कोंबडीवाल्यांपर्यंत सगळ्यांची सोय आहे, पण तिसऱ्या दिवशी त्या सपक भाज्यांसमोर चटणीची आठवण येतेच.

जहाज सुटायच्या वेळी लाइफ जॅकेटची कवायत होते आणि सगळ्यांना जावं लागतं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडलं, ३२ माणसं गेली, त्यानंतर हा नियम कडक झाला. कुरकुर करू नका, पण म्हाताऱ्या माणसांसाठी पाण्याची बाटली जवळ असू द्या. उभं राहावं लागतं.

खोली बिनखिडकीची घेतली असेल तर दिवा बंद केल्यावर डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही. झीरोचा प्लगवाला दिवा न्या. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक हा मला सापडलेला सगळ्यात भारी शोध. ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीला लटकतं. सोलापूरच्या नव्या पेठेत सहज मिळतील. आपली मोठी तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नव्हती, म्हणून युनिव्हर्सल ॲडॉप्टर आणि दोन-तीन यूएसबी तोंडांचा एक चार्जर हवाच.

फोन किनारा दिसेनासा व्हायच्या आधी एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि बिल घरी येतं. मेहुण्यांचं आलं. तिकिटं, परवाने, बुकिंगची पानं, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. जेवणाच्या हॉलमध्ये पाणी फुकट आहे, मात्र बाटली थेट नळाला लावू देत नाहीत, पेल्यात घेऊन बाटलीत ओतायचं. काही दिवसांआड पाणी भरणाऱ्या सोलापूरकराला हे शिकवायची गरज नाही.

मळमळीसाठी गोळी डॉक्टरांना विचारून आणा आणि जहाज हलायच्या आधी घ्या. हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. झोप येते, येऊ द्या. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध घ्या. वरची बाल्कनीवाली महाग आणि झुलते जास्त.

गोवा झालं. छान होतं.

लक्षद्वीप मात्र नीट वाचा. एवढं मोठं जहाज बेटाला लागत नाही. भर समुद्रात उभं राहतं आणि तुम्हाला छोट्या बोटीत उतरवतात. जहाजाच्या बुडाशी एक दार उघडतं, समोर बोट वर-खाली होत असते. एक क्षण ती तुमच्या गुडघ्याला, दुसऱ्या क्षणी चार फूट खाली. बोटीवरचा माणूस तळहात धरत नाही, मनगट धरतो. तुम्हीही त्याचं मनगटच धरा, घामट तळहात निसटतात. बोट वर आली आणि तो ओरडला की पाय टाकायचा, विचार करायचा नाही. वहिनींच्या खांद्यावर लोंबती पर्स, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात मोबाइल, अंगावर साडी. खलाशाने आधी पर्स ओढून बोटीत फेकली, मग वहिनींना. दोन्ही हात रिकामे असतील असंच सामान न्या: पाठीवर पट्ट्यांची पिशवी, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या थैलीत, पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल. चपला नकोत. मुलींना सलवार किंवा ट्रॅक पँट. गुडघेदुखीवाल्यांना मी स्पष्ट सांगतो, जहाजावरच थांबा, आणि पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. लाटा जास्त असल्या तर उतरवणंच रद्द होतं, आणि तसं झालं तर काय, हे बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या.

पलीकडे आगत्ती बेटावर उतरलो आणि मी दहा मिनिटं काही बोललो नाही. आपलं पाणी म्हणजे कंबर तलाव आणि उजनीचा फुगवटा. इथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची नखं मोजता येतात! त्या चार तासांसाठी ती बोट परत चढायला तयार आहे. गावात मात्र पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका, वस्ती आहे तिथे अंग झाकूनच जा. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकाल तर तो गुन्हा आहे, वन्यजीव कायदा १९७२ चा. अनवाणी फिरू नका, तेच पोवळं तळपाय कापतं.

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि ती पुन्हा जाते, थेट बंदरावर भेटते. सकाळी नेसायचे कपडे बाजूला काढले का ते दोनदा बघा. आमच्या शेजारच्या खोलीतले काका झोपायच्या लुंगीवर मुंबईला उतरले.