हरायची सोय

डिबेट हा शब्द आता आपल्याकडं पार रुळलाय. रात्री टीव्हीवर सहा चौकटीत सहा माणसं एकदम बोलायला लागली की घरातलं शाळकरी पोरगं पण सांगतंय, डिबेट चालूय. शब्द इंग्रजीतनं आला, पण तो इंग्रजांचा पण घरचा नाही, त्यांनी चौदाव्या शतकात फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी लॅटिनमधनं, आणि तिथं मुळाशी जाऊन उकरलं तर काय निघतंय, तर बडवणं. लॅटिनमधलं 'बात्तुएरे' म्हणजे मारणं, ठोकणं. बॅटल, कॉम्बॅट, बटालियन ही सगळी त्याच खानदानातली मंडळी. सुरुवातीला इंग्रजीत पण डिबेट म्हणजे भांडण-तंटाच होता, सभ्य चर्चेचा कोट त्याच्या अंगावर नंतर चढला. टॅक्सवाले 'रिबेट' देतात ना, तो पण ह्याच्याच भावकीतला, किंमत ठोकून खाली पाडायची म्हणून रिबेट. आणि फ्रेंचमध्ये अजून पण जाळ्यातला मासा तडफडतो त्याला ह्याच धातूचं क्रियापद वापरतात. टीव्हीवर ज्याचा माईक मधेच बंद करतात तो माणूस बघितला की मला फ्रेंचांचं पटतं.

बरं, डिस्कशन तरी सज्जन असेल म्हणून बघावं तर ते त्याच्या पुढचं. त्याचं मूळ हलवून हलवून तुकडे करणं. डोक्याला मार बसला की डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात, त्याचा हा सख्खा भाऊ.

आपल्याकडं असं काही नाही, आपला वाद 'वद्' धातूतनं आलेला, वद् म्हणजे नुसतं बोलणं. संवाद, अनुवाद, आशीर्वाद, धन्यवाद सगळे एकाच आईची लेकरं. आता इतक्या सोज्वळ घरातला वाद आमच्याकडं येईपर्यंत असा कसा बिघडला म्हणाल तर त्याला थोडा निजामाचा पण हातभार आहे (आमच्याकडं कुठल्या पण गोष्टीचं खापर शेवटी निजामावर फुटतंय, तसं हे पण फोडून घेऊ). 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यात कोर्ट-कचेरी सगळी उर्दूत, त्यामुळं भांडणाचा शब्दसाठा आमच्याकडं एकदम भरघोस. खरं म्हणजे हे शब्द सगळ्याच मराठीत आहेत, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ते जरा जास्त खुलतात. हुज्जत म्हणजे मूळ अरबीत पुरावा, दलील, आणि आपण 'उगं हुज्जत नको घालू' म्हणतो ते नेमकं पुरावा नसणाऱ्याला. बहस म्हणजे शोध घेणं. मुद्दा आणि दावा एकाच मुळातले. आणि सगळ्यात मला आवडतो तो तक्रार. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं किंवा म्हणणं, पुनरावृत्ती. ज्यानं ह्या शब्दाला भांडणाकडं वळवलं त्यानं आमच्या फाट्यावरचं हॉटेल बघितलं असणार.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडे, भज्याची कढई. सोयाबीनचा भाव पडला की तिथं एक माणूस म्हणतो सरकारचं चुकलं, दुसरा म्हणतो बाहेरून तेल आणलं म्हणून पडला, मग पहिला म्हणतो तेच की, सरकारचं चुकलं, मग हाफ चहा येतो, आणि चहा संपल्यावर परत पहिल्यापासून. मी कित्येक वर्षं हे ऐकतोय आणि एक गोष्ट आजपर्यंत तिथं घडलेली बघितली नाही. कोणी हरलेलं बघितलं नाही. चार माणसं भांडून उठतात आणि चारी जण जिंकून घरी जातात, हे गणित बसतं कसं? मारामारीत निदान कोण खाली पडला ते दिसतंय, पंच सांगायची पण गरज नाही. वादात पडलेला माणूस पडल्यापडल्याच बोलत राहतो, आणि आवाज मोठा असला की लोकांना तो उभाच दिसतो.

जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वादाचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करायचा तो वाद, नुसतं जिंकायला करायचा तो जल्प, आणि आपलं स्वतःचं काहीच म्हणणं नाही पण समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. हे तीन प्रकार पुष्कळांना माहीत असतात, शाळेतल्या वादविवादात बोलायच्या निमित्तानं कानावर पडलेले असतात. पण त्याच्यापुढं गौतमानं जी यादी केलीय ती मला जास्त भारी वाटते, ती म्हणजे निग्रहस्थानं. माणूस वादात हरला हे ओळखायच्या जागा, आणि त्या किती तर 22! जिंकायचे मार्ग कोणी पण सांगेल हो, हरायच्या बावीस जागा बसून मोजणारा माणूस वेगळाच पाहिजे.

त्यातल्या काही बघा. बोलता बोलता विषय सोडून दुसरीकडंच गेलात, हरलात. त्याला अर्थांतर म्हणतात. तेच ते परत बोललात, पुनरुक्त, हरलात (म्हणजे तक्रार केली की हरलाच, अरबी आणि संस्कृत इथं येऊन एकाच बाकड्यावर बसले). समोरच्यानं तीनदा सांगितलं, सभेला कळलं, आणि तुम्हाला ते परत मांडून दाखवता येईना, हरलात. हा नियम टीव्हीला लावला तर पाच मिनिटात स्टुडिओ रिकामा. उत्तरच सुचलं नाही ती अप्रतिभा. मतानुज्ञा म्हणजे आपल्यावरचा दोष तसाच अंगावर ठेवायचा आणि म्हणायचं, तुमच्यात पण तोच आहे की. आपलं अख्खं राजकारण ह्या एका निग्रहस्थानावर उभंय. विक्षेप म्हणजे हरायची वेळ आली की 'मला जरा काम आहे' म्हणून उठून जाणं, हे त्या माणसानं दोन हजार वर्षांच्या आसपास आधी लिहून ठेवलंय, तेव्हा पण लोकांना ऐन वेळी कामं निघत होती. आणि कळस म्हणजे समोरचा हरला आणि ते तुमच्या ध्यानातच आलं नाही, तुम्ही त्याला धरलं नाही, तर हरलेले तुम्ही! एवढं लक्ष देऊन ऐकायचं म्हणल्यावर आमच्या हॉटेलात भजी करपतील.

आता असं वाटेल की जुने लोक सगळे सरळमार्गी होते, तसं काही नाही. चरकसंहिता हा वैद्यकाचा ग्रंथ, त्यात विमानस्थान म्हणून भाग आहे, तिथं वैद्यांनी आपसात चर्चा कशी करायची ते दिलंय. मित्रभावानं करायची ती संधाय संभाषा, भांडून करायची ती विगृह्य संभाषा. आणि भांडून करायची असेल तर समोरच्याला कसा पाडायचा ते पण बिनदिक्कत सांगितलंय. ज्याचं वाचन कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रं म्हणून सोडायची. रागीट माणसाला दमवायचं, भित्र्याला घाबरवायचं. आणि ज्याला बोलणं जमत नाही त्याचं वाक्य अर्धं असतानाच तोडायचं. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं, म्हणलं हे तर अँकरच्या ट्रेनिंगचं दिसतंय. फरक एवढाच की चरकानं आधी सभा कशी आहे ते बघायला सांगितलंय, जाणकारांची आहे का अडाण्यांची, आपल्या बाजूची आहे का आधीच विरोधात बसलेली. हल्ली तेवढं एक बघायची गरज पडत नाही.

तरी पण हरायची सोय अगदी अलीकडं पण होती असं मला वाटतं. संविधान सभेतल्या चर्चांना इंग्रजीत डिबेट्सच म्हणतात. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हा आकडा खुद्द बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगितला. त्यातल्या कित्येक पडल्या असतील, आणि ज्यांच्या पडल्या ती माणसं दुसऱ्या दिवशी परत आपल्या जागेवर येऊन बसत होती, पुढच्या कलमावर बोलत होती. पडलेल्या दुरुस्तीसकट सगळं छापून ठेवलंय, बारा खंडात.

आणि आमच्या मातीतलंच बघायचं तर तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. तिथं संतमंडळी जमली होती तेव्हाची गोष्ट सगळ्यांना माहितीय, मुक्ताबाईनं विचारलं काका हे काय, ते म्हणले थापटणं, मडकं कच्चं का पक्कं ते ह्यानं कळतंय. मग आमची मडकी बघा म्हणली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले, सगळे गप, नामदेवांच्या डोक्यावर बसलं आणि ते चिडले. काका म्हणले, हे कच्चं. लॅटिनवाल्यांना ही गोष्ट कोणी सांगायला पाहिजे होती, बडवून चर्चा करायची ह्याच्याइतकी साफ मिसाल त्यांच्याकडं पण नसेल. पण गोष्टीचा पुढचा भाग लोक घाईत सांगतात. नामदेव रागावले, भरल्या सभेत मान खाली गेली, आणि तिथनं ते औंढ्याला गेले विसोबा खेचरांकडं. विसोबा पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव म्हणले पाय काढा. विसोबा म्हणले, म्हातारा झालोय, तूच उचल आणि जिथं देव नाही तिथं ठेव. एका वाक्यात वाद खलास. कथा म्हणून घ्या नाहीतर खरं म्हणून घ्या, पण एवढा मोठा माणूस दोन ठिकाणी लागोपाठ हरतो आणि आमच्या लोकांनी ते न लपवता सातशे वर्षं कीर्तनात सांगितलंय.

हे सगळं आता डोक्यात यायचं कारण आमची भाची. परभणीला अकरावीला आहे, तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा, विषय पैठणच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नगर-नाशिकच्या धरणातनं गोदावरीत पाणी सोडावं का. आता मराठवाड्यात ह्याच्यावर वाद होत नसतो, कारण विरुद्ध बाजू घ्यायला माणूसच मिळत नाही. पण स्पर्धेत चिठ्ठी निघते, आणि पोरीला नेमकी 'सोडू नये' ही बाजू आली. दाजींनी तर जेवताना ताट बाजूला सारलं. त्यांचं रान पाथरीकडं, डाव्या कालव्याखाली, म्हणले आपल्या घरातली पोरगी नगर-नाशिकवाल्यांची वकिली करणार?

ती पण हट्टी. वही घेऊन समोर बसली. म्हणली बाबा, मी तुमच्यावरच प्रॅक्टिस करते. दाजींनी 2014 चा आदेश काढला, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत पाणी 65 टक्क्यापेक्षा कमी असलं की वरच्यांनी सोडायचं, कायदा आहे. ती म्हणली, कायदा मान्य, पण नदीतनं येताना वाटेत मुरतं किती, आणि आपलं धरण उथळ नि पसरट, उन्हात उडून जातं किती ते पण धरा. दाजी म्हणले, मग काय आम्ही तहानलेलं राहायचं? ती म्हणली, पिण्याच्या पाण्याला कोण नाही म्हणायलंय, मी शेतीचं बोलायलेय. बाबा, आपल्या रानात काय आहे?

दाजी गप.

"ऊस," ती म्हणली. "सहा एकर."

"मग ते नगरवाले काय लावतेत? त्यांचा पण ऊसच की!"

ताई स्वयंपाकघरातनं हसली. मी काही बोललो नाही, पाहुण्यानं अशा वेळी बोलू नये. पोरगी वहीत पुढचा मुद्दा शोधायली होती, तेवढ्यात दाजी उठले, टॉर्च घेतली, आणि म्हणले, कॅनॉलला पाणी सुटलंय, रात्रीचं धरायला जावं लागतंय, तुमचं चालू द्या.