शेवटची पंगत

"दुपारी काहीच त्रास होत नाही, मॅडम. रात्री जेवले की मात्र उलटी होते." अमळनेरहून आलेल्या या फोनने मला चांगलेच कोड्यात टाकले. जळगावात एका शल्यचिकित्सकांबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण घड्याळ पाहून होणारी उलटी पहिल्यांदाच ऐकत होते.

या बाई अडतीस वर्षांच्या, नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सूनबाई. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे वजन ११८ किलो होते आणि मधुमेह गोळ्यांना दाद देत नव्हता. त्यांची गॅस्ट्रिक बायपास झाली होती, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची, दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी काढून ती थेट लहान आतड्याला जोडलेली होती. अकरा आठवड्यांत वजन ९९ किलोवर आले होते. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग वाटून मऊसूत केलेले, मग मऊ अन्न या पायऱ्या त्यांनी शिस्तीने पार केल्या होत्या आणि नेहमीच्या घट्ट अन्नावर आल्यानंतर तीन आठवड्यांत हा त्रास सुरू झाला होता. पहिल्या काही महिन्यांत पिशवी आणि आतडे यांचा जोड आकसण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करून घेतली. जोड मोकळा होता, व्रणही नव्हता. जोड आकसला असता तर त्याने दुपार आणि रात्र असा भेद केला नसता, हे खरे तर माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

उलट्या लांबल्या की आम्हाला सर्वांत मोठी धास्ती असते ती ब-१ जीवनसत्त्वाची. शरीरात त्याचा साठा मुळातच थोडा असतो, तो काही आठवड्यांत संपू शकतो आणि मग चालताना तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन प्रतिमा दिसणे, गोंधळल्यासारखे होणे असे मेंदूचे गंभीर विकार होऊ शकतात. सुदैवाने यांपैकी काही नव्हते. डॉक्टरांनी ब-१ लगेच सुरू केले. कारण मात्र सापडत नव्हते. अमळनेरला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे दोन दिवस जायचेच होते, म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी सुरत लाइनची गाडी पकडून मी दुपारी तिथे उतरले आणि चारच्या सुमारास त्यांच्या घरी पोहोचले.

स्वयंपाकघरात शिरताच फ्रिजवर चुंबकाने लावलेला माझाच तक्ता दिसला. ओट्स, टोफू, ब्रोकोलीचे सूप. पुण्याच्या एका कार्यशाळेतून आणलेला हा नमुना मी अनेकांना छापून देत असे. अमळनेरच्या बाजारात टोफू मागणाऱ्या बाईकडे भाजीवाली कशी पाहील, याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. सूनबाईंनी टोफूच्या जागी पनीर आणि ब्रोकोलीच्या जागी दुधी घेऊन तो सुधारून घेतला होता. दुपारच्या जेवणाविषयी विचारले, तर त्यात मला एकही चूक काढता आली नाही: बारा वाजता घर रिकामे असते, त्या एकट्याच बसतात, अर्धी वाटी घट्ट मुगाचे वरण आणि दोन चमचे कुस्करलेले पनीर अर्ध्या तासात खातात, आणि जेवणानंतर अर्धा तास पाण्याला हात लावत नाहीत.

मग मी रात्रीचे जेवण नुसते पाहायचे ठरवले.

त्या दिवशी भरिताचा बेत होता. भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची हिरवी, पांढुरक्या रेषांची वांगी सासूबाईंनी परसात कपाशीच्या काड्यांवर भाजली. त्यांचा धूर आणि ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा वास सगळ्या घरात भरला. त्याच्या जोडीला ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरी, तूरडाळीचे वरण आणि भात. सूनबाईंनी सात वाजताच स्वतःचे मुगाचे वरण आणि पनीर वेगळ्या पातेलीत करून झाकून ठेवले. तक्त्याप्रमाणे सारे बिनचूक होते.

साडेसातला मुलांना वाढले. खत-बियाण्यांचे दुकान बंद करून पावणेनऊला पुरुष आले. भाकरी गरमच हवी, एक ताटात पडली की दुसरी तव्यावर फुगली पाहिजे, ही खान्देशातली रीत. ती सांभाळत सूनबाई तासभर शेगडीपाशी उभ्या होत्या. त्या काळात त्यांनी भाकरीचे कडक पोपडे मिठाला लावून तीन-चारदा तोंडात टाकले. माझ्या प्रश्नावलीत असल्या खाण्याला रकानाच नव्हता. घामाने चिंब झाल्यावर त्या दोन पेले पाणी उभ्याउभ्या घटाघटा प्यायल्या. दहाला दहा मिनिटे कमी असताना सासू आणि दोन्ही सुना अशी शेवटची पंगत बसली. तोवर पनीर रबरासारखे झाले होते आणि वरणावर साय धरून ते थिजले होते. भांडी पडलेली, ओटा धुवायचा राहिलेला. मी घड्याळ लावले. ताट सात मिनिटांत रिकामे झाले.

दोन मिनिटांनी त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर मूठ दाबली आणि तोंडात फेसासारखी लाळ जमू लागली. त्या मोरीकडे धावल्या. सासूबाई पाठीवरून हात फिरवत तांब्या पुढे करत होत्या, "घोटभर पी, उतरी जाईन." मी तो तांब्या बाजूला घेतला. अडकलेला घास पाण्याने उतरत नाही. तोंड बंद झालेल्या नळीवर पाण्याचा भार तेवढा वाढतो आणि कळ अधिक तीव्र होते. त्यांना सरळ बसवले, लाळ थुंकायला सांगितली. दहा-बारा मिनिटांनी नीट न चावलेला पनीरचा तुकडा बाहेर आला, आणि त्या शांत झाल्या.

कारण माझ्यासमोर होते, पण त्याला वैद्यकीय नाव नव्हते. पिशवी आणि आतडे यांच्यामधले तोंड जेमतेम बोटाएवढे रुंद असते; तिथून जायचे तर घास वीस-पंचवीस वेळा चावून लापशीसारखा व्हावा लागतो, आणि दोन घासांत मिनिटभराचे अंतर लागते. दुपारी हे सगळे होत होते. रात्री मात्र थकलेल्या, तहानलेल्या शरीराने थंड, कोरडे अन्न घाईने गिळले जात होते. मी "काय खाता" आणि "किती खाता" हे तीनदा विचारले होते. "केव्हा जेवता" या रकान्यात ८ हा आकडा मीच टाकला होता, कारण मी आठला जेवते.

नंतर अंगणात सासूबाईंशी बोलले. एखाद्या घरातली जेवणाची रीत बदला असे परक्या बाईने सांगणे सोपे नसते, आणि या बाई काही दुष्ट नव्हत्या. सुनेने ऑपरेशन करावे म्हणून घरात सर्वांत आधी त्याच भांडल्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, यांना सगळ्यांच्या आधी, ताजे आणि बसून जेवायला मिळायला हवे. उलटीवर औषध म्हटले तर एवढेच आहे." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीसारखं."

मी इतकी वर्षे लोकांना समजावते आहे, पण ही उपमा मला कधी सुचली नाही. बाळंतिणीला घरात सर्वांच्या आधी वाढतात, गरम वाढतात, तिचे वेगळे आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही, आणि तिने उठून भांडी घासली तर दोष सासूला लागतो. नियम घरात होताच. तो कोणाला लागू करायचा एवढेच ठरायचे होते. त्यांनी लगेच विचारलेही, "सवा महिना का?" मी म्हणाले, आधी वर्षभर तरी धरा. त्यावर त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी चारला पुन्हा गेले, कारण वेळेचे कोडे सुटले तरी वेगळ्या पातेलीचे राहिलेच होते. नऊ माणसांचा स्वयंपाक आणि शिवाय एकीचा निराळा, हे फार दिवस टिकत नाही. ज्या बाईसाठी निराळे शिजवायचे ती स्वतःच स्वयंपाक करणारी असेल तर ते आधी बारगळते. मला असा पदार्थ हवा होता जो सगळे आवडीने खातील आणि ज्यातला तिचा वाटा मधल्या एखाद्या टप्प्यावर नुसता बाजूला काढता येईल. मी ताकातल्या भाज्यांची नावे घेत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मंग फुणकेच करू ना."

फुणके खान्देशाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसतात. तूरडाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर, हिवाळ्यात कांद्याची पात घालून मुठीने लांबट मुटके वळायचे आणि चाळणीत वाफवायचे. ताटात कुस्करून वर कढी ओतायची आणि तेलाची धार सोडायची. तळण नाही, मैदा नाही, आणि कोरड्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने भरायची असताना भरिताने किंवा भाताने ती इवलीशी पिशवी भरून टाकणे परवडत नाही. पहिला घास डाळीचा, दह्याचा, पनीरचा किंवा अंड्याचा हवा, आणि जागा उरली तर बाकीचे. ओट्सचा तक्ता फ्रिजवर लावून मी ज्यांच्याकडे शिकवायला गेले होते, त्यांच्याच चाळणीत हे सारे होते.

डाळ त्यांनी दुपारीच भिजत घातली होती, कारण कोणीही येवो, रविवारी त्यांच्याकडे डाळ भिजतेच. वाटणातला मूठभर गोळा मिरची घालण्याआधी काढला आणि तेवढाच पुन्हा बारीक वाटला. इतरांचे फुणके दहा-बारा मिनिटे वाफवले, यांचे थोडे अधिक. कढीच्या बाबतीत मी एक हट्ट धरला: इतरांना पातळ, यांना पिठले म्हणावे इतकी घट्ट, नुसता फुणका ओला होण्यापुरती. जेवताना पातळ पदार्थ भरपूर गेला की तो अन्नाला वाहून नेतो, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस नकळत जास्त खातो. साखरेची चिमूटही कढीत नको म्हटले. कढी थोडी गोडसर करायची धाकट्या सुनेच्या माहेरची सवय होती, ती त्या दिवशी रुसली. चिमटीभर साखरेने काही बिघडले नसते, हे मला मान्य आहे. पण महिन्यापूर्वी एका हळदीला आग्रहाखातर दोन जिलब्या खाल्ल्यावर वीस मिनिटांत छाती धडधडून, घाम फुटून याच बाई आडव्या झाल्या होत्या. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरली की असे होते. सवय मुळातच मोडलेली बरी, असे मला वाटले.

साडेसातला मुलांच्या पंगतीला त्यांना बसवले. एक फुणका, तीन चमचे कढी, वर कच्च्या तेलाऐवजी अर्धा चमचा साजूक तूप. ताट पाहून सासूबाईंच्या तोंडून निघालेच, "माय वं, इतलंच?" पहिल्या दहा मिनिटांत सूनबाई तीनदा उठल्या, एकदा मिठाला, एकदा धाकट्याने सांडले म्हणून, एकदा उगाचच. चौथ्यांदा सासूबाईंनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवले आणि भाकरीचे पीठ स्वतःकडे ओढले. पाऊण फुणका संपायला सत्तावीस मिनिटे लागली. उरलेला पाव त्यांनी ताटातच ठेवला. अन्न टाकायचे नाही असे लहानपणापासून शिकलेल्या बाईला तो तुकडा ठेवताना जितका त्रास झाला, तितका मला वाटते शस्त्रक्रियेच्या टाक्यांनीही दिला नसेल. शेवटी मुलाने तो उचलून खाल्ला.

पावणेनऊला पुरुष आले तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. सासऱ्यांनी एकदा शेगडीकडे पाहिले, एकदा थोरल्या सुनेकडे, आणि काही न बोलता पाटावर बसले. नवऱ्याने पाण्याचे पेले स्वतः भरून घेतले. मी साडेदहापर्यंत थांबले. उलटी झाली नाही.

पुढच्या महिन्यात दोनदा झाली, दोन्ही वेळा पाहुणे असताना. हे मला सूनबाईंनी नाही, सासूबाईंनी फोन करून कळवले. मागच्या शुक्रवारी त्यांचा पुन्हा फोन आला: रविवारी व्याही यायचे आहेत, वरण-बट्टीचा बेत आहे, आणि बट्टीतले काय द्यायचे. मी म्हणाले, बट्टी नको, ती कुस्करून ओली केली तरी गोळा होऊन अडकते. वरण शिजले की घट्ट वरण आधी काढा आणि सोबत उकडलेले अंडे द्या. "ते नको, त्या दिवशी घरात अंडं चालत नाही," त्या म्हणाल्या. मग पनीर, ताजे आणि मऊ, ऐन वाढायच्या वेळी केलेले. "आणि वाढू किती वाजता? व्याही तर नऊशिवाय येत नाहीत."

साडेसातला, मी म्हणाले.

"तेच विचारत होते," त्या म्हणाल्या, आणि माझा निरोप घेण्याआधीच स्वयंपाकघराकडे तोंड करून कोणाला तरी मोठ्याने ते सांगू लागल्या.