मेहनत बाबांचीही होती

बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. आधी बदली कामगार, मग कायम. रात्रपाळी कधी चुकवली नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांबरोबर तेही घरी बसले, ते बसलेच. कष्टाचं फळ मिळतंच म्हणणाऱ्यांनी यांचा हिशेब मांडून दाखवावा.

मी शिकले, बँकेत लागले. नातेवाईक म्हणतात, पोरगी जिद्दीची. असेन. पण आईची खानावळ होती आणि चाळीतल्या खोलीचं भाडं जुन्या भाडे कायद्याने गोठलेलं होतं, म्हणून माझी फी निघाली. जिद्द शेजारच्या मैत्रिणीकडेही होती. तिला नववीतच शाळा सोडावी लागली.

मुलगा इंजिनिअर. लोअर परळला नोकरी, घर मात्र डोंबिवलीत, आणि निम्मा पगार हप्त्यात. आजोबा कामावर चालत जायचे, याचाच त्याला हेवा वाटतो.