देवमाशांच्या भेटीला: सहकुटुंब सागरी फेरीचा वृत्तांत

समुद्रकिनाऱ्यावरील आठवडाभराच्या सुट्टीतील एक सकाळ आम्ही देवमासे पाहण्यासाठी राखून ठेवली होती. प्रत्यक्षात दोन सकाळी द्याव्या लागल्या. पहिल्या दिवशी पहाटेच वारा वाढला आणि फेरी रद्द झाली. आरक्षण सुट्टीच्या सुरुवातीचे होते, म्हणूनच दुसरा दिवस हाती राहिला. मागून जाणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी, कारण वारा वाढून लाटांवर फेस दिसू लागला की देवमाशाचा फवारा त्यातून वेगळा ओळखणे अवघड होते.

आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघे, माझी आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्यापूर्वी साधारण तासभर आधी घ्यावी लागते. मुलाला ती आम्ही धक्क्यावर पोहोचल्यावर दिली आणि पहिला तासभर त्या बिचाऱ्याने फार सोसले. त्याला बोटीच्या मध्यभागी, खालच्या डेकवर, जिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, तिथे बसवून क्षितिजाकडे पाहत राहायला सांगितल्यावर हळूहळू उतार पडला. लहान मुलांसाठी कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. उपाशीपोटी निघू नये आणि भरपेट खाऊनही निघू नये. किनाऱ्यावर ऊन असले तरी खुल्या समुद्रात वारा बोचतो. आईसाठी घेतलेले जाड जाकीट शेवटी आळीपाळीने सर्वांनीच वापरले.

बोटीवरील मार्गदर्शिकेने दिशा सांगण्याची पद्धत आधीच समजावली होती: बोटीचे पुढचे टोक म्हणजे घड्याळातील बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. सुमारे पाऊण तासाने तिने ‘दहा वाजता फवारा’ असे म्हटले आणि सर्वांच्या नजरा एकाच वेळी त्या दिशेला वळल्या. हा फवारा म्हणजे पाण्याचे कारंजे नव्हे. फुप्फुसांतून जोराने बाहेर पडणाऱ्या उबदार श्वासातील बाष्प गारठून दिसणारे ते धुके असते. हम्पबॅक जातीचा तो देवमासा तीन-चार वेळा श्वास घेऊन, पाठीला बाक देऊन खाली गेला, आणि अखेरीस संपूर्ण शेपूट पाण्याबाहेर उभी राहिली. तो गेला त्या जागी पाण्यावर तेलाच्या तवंगासारखा एक गुळगुळीत गोल पट्टा उरला होता. शेपटीच्या फटकाऱ्याने वर ढकलल्या गेलेल्या पाण्यामुळे तो बनतो, आणि देवमासा नुकताच कुठे होता हे त्यावरून कळते.

त्यानंतर वाट पाहणे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी या वाट पाहण्याची तयारी करून जावे असे मला मनापासून वाटते. आमच्या मुलीने वहीत प्रत्येक डुबकीची वेळ नोंदवायला घेतली: सात मिनिटे, नऊ मिनिटे, सहा मिनिटे. या कामामुळे तिला कंटाळा आला नाही, आणि पुढचा फवारा केव्हा दिसेल याचा अंदाज संपूर्ण बोटीला तिच्याकडून मिळू लागला. दुर्बीण सात पट मोठे दाखवणारी पुरते. त्याहून शक्तिशाली दुर्बिणीतील चित्र हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

दूरवर एक मादी आणि तिचे पिल्लू दिसले, तेव्हा काही प्रवाशांनी जवळ जाण्याचा आग्रह धरला. कप्तानाने तो मानला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. हम्पबॅक थंड समुद्रात पोट भरून हजारो किलोमीटर पोहत उबदार पाण्यात विणीसाठी येतात आणि तिथे जवळजवळ काहीच खात नाहीत. म्हणजे पिल्लाला पाजणारी आई साठवलेल्या चरबीवरच जगत असते आणि पाठलाग चुकवताना तिची तीच शिदोरी खर्च होते. अनेक देशांत किमान 100 मीटर अंतराचा नियम आहे आणि पिल्लू सोबत असल्यास काही ठिकाणी ते अंतर आणखी वाढते. आरक्षणापूर्वी बोटवाल्यांना अंतराबद्दल स्पष्ट विचारावे; ‘अगदी जवळ नेतो’ असे उत्तर आले तर दुसरी बोट शोधावी. थांबून राहणाऱ्या बोटीकडे देवमासा कधी कधी स्वतःच येतो. आमच्याकडे एक आला. त्याने डोके उभे वर काढले, काही क्षण तसाच राहिला आणि आवाज न करता खाली गेला. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

ठिकाण ठरवताना हंगाम पाहावा. श्रीलंकेतील मिरिसा येथे साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे दिसण्याची शक्यता चांगली असते. ऑस्ट्रेलियातील हर्वी बे येथे हम्पबॅक जुलैनंतर येऊ लागतात. न्यूझीलंडमधील कैकौरा येथे स्पर्म जातीचे देवमासे वर्षभर आढळतात.

छायाचित्र एकच काढायचे असेल तर डुबकी मारताना शेपटीच्या खालच्या बाजूचे, मागून काढावे. तेथील काळ्या-पांढऱ्या खुणा आणि कडेचे दाते प्रत्येक हम्पबॅकमध्ये वेगळे असल्यामुळे त्यावरून तो देवमासा ओळखता येतो. प्रवाशांनी पाठवलेली अशी छायाचित्रे ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर जुन्या नोंदींशी जुळवली जातात. मुलीने काढलेले छायाचित्र, तिच्या वहीतील वेळेसह, आम्ही त्याच रात्री तिथे पाठवले आहे. हा देवमासा याआधी कुणाला कुठे दिसला होता, हे कळण्याची ती रोज वाट पाहते.